कुठंच न बसणाऱ्यांचा नंबर : ५९९९

लेकरांनो, तुमच्या घरी माळ्यावर नाहीतर एखाद्या कोनाड्यात बंद पडलेला जुना रेडिओ आहे का? परभणीत असो, मानवतला, पाथरीला की पूर्णेला, जुन्या घरात असा एखादा रेडिओ हमखास सापडतो. एके काळी आजोबा त्याचा कान पिळायचे आणि आकाशवाणीचं परभणी केंद्र घरात बोलायला लागायचं. शेतीचा सल्ला, बातम्या, गाणी, सगळं त्यातूनच यायचं. आता बिचारा गप्प आहे.

चला, आज त्याचं पोट उघडू या! पण थांबा, आधी दोन अटी. एक म्हणजे घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. दुसरी म्हणजे रेडिओ फक्त सेलवर चालणारा हवा आणि सेल आधी काढून ठेवायचे. टीव्ही, मिक्सर, चार्जर अशा भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंना अजिबात हात लावायचा नाही. त्यांची पिन काढली तरी आतल्या काही भागांत वीज साठून राहिलेली असते आणि ती जोरदार झटका देते.

झालं? आता खाली जुना पेपर पसरा आणि निघेल ते त्यावर मांडत जा. स्क्रू निघाले, वायसर निघाले, वायरी निघाल्या. स्पीकर निघाला, लांब होणारी एरियलची काडी निघाली. हिरवट पाटी निघाली आणि तिच्यावर तर अख्खं गावच वसलेलं. रंगीत पट्ट्यांचे बारके दाणे, उभे डबे, तीन पायांचे काळे किडे, तांब्याच्या तारेची गुंडाळी. पाच मिनिटांत पेपरभर पसारा!

आता हा पसारा नीट लावायचा. कसा लावाल? रंगावरून? मग काळा स्क्रू आणि तीन पायांचा काळा किडा एका डब्यात जातील. आकारावरून? मग सेल आणि सेलएवढाच उभा डबा शेजारी बसतील. दोन्ही पद्धतींत हवी ती वस्तू वेळेवर सापडणार नाही.

हाच प्रश्न एका फार मोठ्या घराला रोज पडतो. ते घर म्हणजे सैन्य. रणगाडे, विमानं, जहाजं, रडार, रेडिओ, या सगळ्यांचे सुटे भाग मोजायला बसलात तर शाळा सुटेल, लग्न होईल, तरी मोजणी संपायची नाही. म्हणून जगातल्या साठहून अधिक देशांच्या सैन्यांनी एकच युक्ती वापरायचं ठरवलं. प्रत्येक प्रकारच्या वस्तूला चार आकडी वर्ग. पहिले दोन आकडे गटाचे, पुढचे दोन त्या गटातल्या वर्गाचे. असे सहाशेहून अधिक वर्ग आहेत.

आपला रेडिओ या वर्गांत वाटून पाहू या.

कोण कुठल्या घरात?

विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक भागांचा गट आहे ५९. त्यात आपली बरीच मंडळी बसतात.

रंगीत पट्ट्यांचा दाणा, म्हणजे रेझिस्टर : ५९०५
वीज साठवणारा उभा डबा, म्हणजे कपॅसिटर : ५९१०
चालू-बंद करायचा स्विच : ५९३०
तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल : ५९५०
तीन पायांचा काळा किडा, म्हणजे ट्रान्झिस्टर : ५९६१
अनेक पायांची चिप, म्हणजे आयसी : ५९६२
स्पीकर आणि कानात घालायचा इअरफोनसुद्धा : ५९६५
एरियल : ५९८५
सगळे भाग लावलेली ती हिरवट पाटी : ५९९८

वा! निम्मा पेपर रिकामा झाला की. आता आवाज कमी-जास्त करायचं बटण घ्या, ते गोल फिरवायचं. त्याचा वर्ग सांगा बरं. रेडिओचंच बटण, तेव्हा ५९ मध्येच असणार, असं वाटलं ना? फसलात! बटण तर नुसतं प्लॅस्टिकचं, त्यातून वीज जातच नाही. आपण पकडून फिरवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून ते गेलं गट ५३ मध्ये, वर्ग ५३५५. स्क्रूही तिकडेच, ५३०५. वायसर नटांबरोबर ५३१० मध्ये. सुटी वायर ६१४५ मध्ये आणि एकदा वापरून टाकायचे सेल ६१३५ मध्ये.

आणि न उघडलेला आख्खा रेडिओ? घरातल्या रेडिओ-टीव्हीचा वर्ग आहे ७७३०. हा ७७ गट कुणाचा माहीत आहे? वाद्यांचा! म्हणजे रेडिओ जाऊन बसला तबला-पेटीच्या शेजारी. पण जवानाच्या पाठीवरचा संदेश पाठवणारा रेडिओ मात्र गाणी ऐकायला नसतो, म्हणून तो ५८२० मध्ये. तोच विमानात बसवलेला असला तर ५८२१.

यातली मेख लक्षात आली का? वस्तू दिसते कशी, हे इथं कुणी विचारत नाही. ती काय काम करते, हे विचारतात.

उरलेल्यांचं काय?

पेपरच्या कोपऱ्यात अजून दोन वस्तू राहिल्यात. एक आहे वायरीला चावा घेऊन बसणारी दातांची क्लिप. मेकॅनिककाका तिला क्रोकोडाइल क्लिप म्हणतात. दुसरा आहे अल्युमिनियमचा तुकडा, कंगव्यासारखे दाते असलेला. रेडिओ मोठ्या आवाजाचा असला तर आत हा सापडतो.

आता लावा त्यांना वर्ग. अल्युमिनियमचा तुकडा विजेला अडवतो का? नाही, मग ५९०५ नाही. वीज साठवतो? नाही, ५९१० गेला. चालू-बंद करतो? नाही. आवाज काढतो? तेही नाही. एकेका दारावर टकटक करत गेलो, तर सगळीकडून उत्तर एकच : पुढचं घर बघा!

आपल्याकडे म्हण आहे ना, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’! तसंच इथं. कुठं जमलं तर जमलं, नाहीतर सरळ ५९९९. या वर्गाचं नावच आहे ‘किरकोळ विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक घटक’. गट ५९ मधलं हे सगळ्यात शेवटचं घर. दात्यांचा तुकडा इथं, क्रोकोडाइल क्लिप इथं, वीज एकीकडून दुसरीकडे जावी म्हणून एकमेकांना टेकणारे धातूचे बारके संपर्क इथं. बाहेरच्या रेडिओलहरी यंत्राच्या पेटीत शिरू नयेत म्हणून झाकणाच्या फटीत बसवतात ती धातूमिश्रित पट्टीसुद्धा इथंच.

किरकोळ म्हटलं की आपण नाक मुरडतो. म्हणून त्या दात्यांच्या तुकड्याकडे जरा जवळून पाहू.

दात्यांचा हिशेब

त्याचं नाव हीट सिंक. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला असेच काळे दाते रांगेनं दिसतात. मोठा आवाज काढताना आतले ट्रान्झिस्टर भयंकर तापतात. ती उष्णता लवकर बाहेर गेली नाही तर ट्रान्झिस्टर जळून जातो. उष्णता जाणार कुठं? हवेत. आणि हवेला जितका जास्त पृष्ठभाग मिळेल तितकी ती भराभर उष्णता घेऊन जाणार.

वहीत हिशेब करू. अल्युमिनियमची साधी चौकोनी पट्टी घ्या, ५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद. तिची हवेकडची बाजू झाली २५ चौरस सेंटिमीटर. आता तिच्यावर १० दाते उभे करा. प्रत्येक दाता ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर उंच. एका दात्याची एक बाजू १० चौरस सेंटिमीटर, दोन बाजू मिळून २०. असे दहा दाते म्हणजे २००. दात्यांनी खाली जेवढी जागा व्यापली तेवढीच त्यांच्या माथ्यावर परत मिळाली, म्हणून आधीचे २५ तसेच. एकूण झाले २२५.

पट्टी तेवढीच आणि हवा लागणारी जागा ९ पट! किरकोळ वस्तूचं काम मात्र जराही किरकोळ नाही. हा तुकडा वेळेवर मिळाला नाही तर लाखोंचं यंत्र बंद पडून राहील.

मधल्या जागा रिकाम्या का?

गट ५९ मधले नंबर ओळीनं बघा. ५९०५, ५९१०, ५९१५, ५९२०... पाच-पाचच्या उड्या! मधले आकडे कुठं गेले? कुठंच गेले नाहीत, त्यातले बहुतेक मोकळे आहेत.

ही वर्गवारी आखली गेली तेव्हा रेडिओत काचेच्या व्हॉल्व्हचं राज्य होतं. बल्बासारखे दिसणारे, तापून लाल होणारे व्हॉल्व्ह. त्यांना घर मिळालं ५९६०. ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला होता खरा, पण तो अजून लहान होता. पुढं त्यानं व्हॉल्व्हला रेडिओबाहेर काढलं. १९५८ साली जॅक किल्बी यांनी अनेक भाग एकाच तुकड्यावर कोरून दाखवले आणि आयसी आली. या नव्या पाहुण्यांना बसवायचं कुठं? व्हॉल्व्हच्या शेजारीच! ट्रान्झिस्टर आणि त्याची भावंडं ५९६१, आयसी ५९६२. जुनं एकही घर हलवावं लागलं नाही. सैन्यासाठी कसून तपासलेल्या कितीतरी चिपांच्या पाठीवर आजही ५९६२ नं सुरू होणारा नंबर छापलेला असतो.

चारानं भागत नाही, तेरा लागतात

५९०५ म्हणजे रेझिस्टर, हे कळलं. पण कोणता रेझिस्टर? पेपरवरचा एक दाणा उचला. समजा त्याच्यावर तपकिरी, काळी, लाल आणि सोनेरी अशा पट्ट्या आहेत. तपकिरी म्हणजे १, काळी म्हणजे ०, झाले १०. लाल म्हणजे पुढं दोन शून्यं, झाले १००० ओहम. ओहम म्हणजे वीज अडवण्याचं माप. सोनेरी पट्टी सांगते की यात ५ टक्के इकडेतिकडे चालेल. लाल पट्टीच्या जागी नारिंगी असती तर तोच दाणा १०,००० ओहमचा झाला असता. दिसायला जुळे, पण एकाच्या जागी दुसरा लावला तर रेडिओ नीट बोलायचा नाही. म्हणून वर्ग एक असला तरी प्रत्येकाला स्वतःचा वेगळा नंबर हवा.

तो असतो तेरा आकडी. टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तो पेन्सिल सेल घ्या. त्याच मापाच्या एका सेलचा नंबर असा आहे :

६१३५-००-९८५-७८४५

पहिले चार तुम्हाला पाठ झालेत : ६१३५, एकदा वापरून टाकायच्या सेलचा वर्ग. पुढचे दोन सांगतात की नंबर कुठल्या देशानं दिला. ०० आणि ०१ अमेरिकेचे, १२ जर्मनीचा, १४ फ्रान्सचा, ३१ इस्रायलचा. आणि आपला? भारताचा आकडा आहे ७२! शेवटच्या सात आकड्यांना काहीच अर्थ नसतो. ते फक्त रांगेतले नंबर.

एक गंमत सांगतो. ब्रिटनचा आकडा आहे ९९. त्यामुळे एखादा नंबर ५९९९-९९ असा सुरू झाला तर घाबरायचं नाही. आधीचे ९९ म्हणतात ‘किरकोळ’ आणि नंतरचे ९९ म्हणतात ‘ब्रिटन’. आकडा तोच, पण बसला कुठं यावर सगळं अवलंबून.

आता यातली सगळ्यात हुशार गोष्ट. समजा, ५९९९ मधल्या एखाद्या वस्तूला उद्या चांगलं, नेमकं घर मिळालं. तर बदलतात फक्त पहिले चार आकडे. मागचे नऊ जन्मभर तेच. माणसानं घर बदललं म्हणून त्याची ओळख बदलत नाही, अगदी तसंच.

एवढा खटाटोप कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला एक विचित्र अडचण आली. एकच वस्तू भूदलात एका नावानं, नौदलात दुसऱ्या नावानं, कारखान्याच्या यादीत तिसऱ्याच नावानं. एका कोठारात तिचा ढीग पडलेला आणि दुसरीकडे तीच वस्तू नाही म्हणून काम अडलेलं! युद्धानंतर १९५२ साली अमेरिकेनं कायदाच केला : एका वस्तूला एकच नाव, एकच नंबर. थोड्याच वर्षांत नाटो या लष्करी संघटनेतल्या देशांनीही ती पद्धत उचलली आणि मग बाहेरचे देशही येत गेले. आज या यादीत एक कोटीहून जास्त वस्तू आहेत. भारतात हे काम संरक्षण मंत्रालयाचं मानकीकरण संचालनालय पाहतं.

आपल्याला तर याची गरज जरा जास्तच. भारताकडे विमानं रशियाच्या धाटणीची आहेत, फ्रान्सची आहेत, अमेरिकेची आहेत आणि स्वतःची आहेत. नाशिकजवळ ओझरला सुखोई विमानं बांधली गेली. सुट्या भागांवर कुठं रशियन अक्षरं, कुठं फ्रेंच, कुठं इंग्रजी. आणि भाग मागणारा जवान मराठी, पंजाबी, तमिळ किंवा नागा!

परभणी स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेस सिकंदराबादकडे जाते, माहीत आहे ना? त्या सिकंदराबादला सैन्याच्या आयुध विभागाचं म्हणजे आर्मी ऑर्डनन्स कोअरचं केंद्र आहे. जवानांना सामान पुरवायचं काम या विभागाचं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई विभागाचं मोठं महाविद्यालयही तिथंच आहे. म्हणजे एक विभाग भाग मागतो, दुसरा देतो.

समजा, ईएमईमधला एक जवान आपल्या जिंतूरचा आहे आणि कोठारावर बसलेले हवालदार साताऱ्याचे. दोघंही मराठी. तरी बघा काय होतं.

“हवालदारसाहेब, दोन चिमटे द्या.”

“कशाला? भाकरी शेकायचीय व्हय?”

“तसला नाही हो, बारका.”

“मग काटा काढायचा दिसतोय!”

“नाही साहेब, वायरीला लावायचा. मगरीच्या तोंडाचा.”

“आरं मग तसं सांग की गड्या!”

भाकरीचा चिमटा स्वयंपाकाच्या हत्यारांत, ७३३० मध्ये. काटा काढायचा चिमटा त्याहून वेगळ्याच वर्गात. आणि मगरीच्या तोंडाचा आपला ओळखीचा, ५९९९ मधला. जवानानं तेरा आकडी नंबर लिहून चिठ्ठी दिली असती तर एवढा वेळ गेलाच नसता. चिठ्ठी तमिळ माणसाच्या हातात पडो की पंजाबी, निघणार तीच क्लिप.

नाव लिहायचीही एक रीत ठरलेली आहे. मुख्य नाव आधी, मग स्वल्पविराम, मग विशेषण. ‘विजेची क्लिप’ असं नाही, तर ‘क्लिप, विजेची’. त्यामुळे यादीत सगळ्या क्लिपा एका जागी येतात आणि सगळे स्विच एका जागी. बहुतेक नावांपुढं त्यांची व्याख्याही लिहिलेली असते. ती ५९९९ मधल्या वस्तूंनाही चुकत नाही. घर किरकोळांचं असलं तरी आत गोंधळ चालत नाही.

नांगर, बैल आणि चाबूक

सैन्याच्या यादीत फक्त बंदुका आणि तारा असतील असं वाटतंय? मग परभणीच्या कृषी विद्यापीठातून एक फेरफटका मारू. जमीन नांगरायची अवजारं : ३७१०. कापणीची यंत्रं : ३७२०. खत : ८७२०. बियाणं : ८७३०. खोगीर, जनावराचा साज आणि चाबूक : ३७७०. खरंच, चाबकालाही नंबर आहे! बोकड ८८१० मध्ये, कारण तो खाण्यासाठी पाळलेला. आणि पोळ्याला सजवतो तो बैल ८८२० मध्ये, कारण तो खाण्यासाठी पाळलेला नाही. इथंही तोच नियम : काम काय?

आणि इतकं करूनही एखादी वस्तू कुठल्याच गटात बसली नाही तर? तिच्यासाठी अगदी टोकाचं दार उघडं आहे. नंबर ९९९९. तिथं जायच्या आधी मात्र बाकीची सगळी दारं ठोठावलेली असायला हवीत. ‘किरकोळ’मध्ये टाकण्याचा हा पहिला नियम : आळस म्हणून टाकायचं नाही, शोधून दमल्यावर टाकायचं.

करून पाहा

आधी एक कोडं. टॉर्च ६२३० मध्ये आणि टॉर्चचा जुना काचेचा बल्ब ६२४० मध्ये. मग हल्लीच्या टॉर्चमधला एलईडी कुठं? तो असतो डायोड, म्हणजे ट्रान्झिस्टरचा भाऊबंद, पण काम करतो प्रकाश द्यायचं. उत्तर आहे ५९८०, विजेचा प्रकाश किंवा प्रकाशाची वीज करणाऱ्या भागांचं घर. आणि टॉर्चमध्ये सेल जागेवर धरून ठेवणारी चौकट? ५९९९ म्हणालात तर पुन्हा फसलात. सेल-बॅटरीच्या असल्या लवाजम्यासाठी स्वतंत्र घर आहे, ६१६०.

आता तुमची पाळी. दप्तर पालथं करा. पेन, पट्टी, खोडरबर, तिकिटं, चिंचोके, गोटी, तुटलेली साखळी, जे निघेल ते. जास्तीत जास्त सहा वर्ग करा आणि सहावा वर्ग ‘किरकोळ’. प्रत्येक वर्गाची एका ओळीत व्याख्या लिहा. मग प्रत्येक वस्तू उचलून तिला एकच प्रश्न विचारा : तू करतेस काय?

सगळं लावून झालं की ‘किरकोळ’ मोजा. तिथं एकाच कामाच्या तीन-चार वस्तू दिसल्या, तर त्यांना नवीन वर्ग द्या. नंबर देताना सैन्यासारख्या पाच-पाचच्या उड्या मारल्या असतील तर मध्ये जागा असेलच.

शेवटी तोच पसारा आणि तुमच्या व्याख्यांचा कागद मित्राला किंवा बहिणीला द्या. त्यांनी लावलेले वर्ग तुमच्यासारखेच आले तर शाबास! एखाद्या वस्तूवरून तुमची जुंपली, तर भांडत बसू नका. त्या वस्तूचा काही दोष नाही. तुमची व्याख्या कच्ची आहे, ती पुन्हा लिहा.